गिरणगावात देकार्त कोण शिकवणार?

लोअर परळ स्थानकातून सकाळी बाहेर पडणारा लोंढा आजही जुन्याच वाटांनी जातो. सेनापती बापट मार्ग, ना. म. जोशी मार्ग, मथुरादास मिलचे आवार, कमला मिल, तोडी मिल, फिनिक्स. पत्त्यात ‘मिल’ हा शब्द उरला आहे. गिरणी उरलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतला गेल्याचे कधी जाहीरच झाले नाही. त्यानंतरच्या चार दशकांत या आवारांत बँका, जाहिरात संस्था, वाहिन्यांची कार्यालये आणि उपाहारगृहे आली. त्यांच्या पाठोपाठ व्यवस्थापन आणि डिझाइन शिकवणाऱ्या खासगी संस्थाही आल्या. भरपूर शुल्क आकारणाऱ्या अशा अभ्यासक्रमांत हल्ली चिकित्सक विचार, उद्योगातील नीतिमत्ता, कृत्रिम बुद्धिमत्तेचे नैतिक प्रश्न असे विषय असतात. कर्तव्य की परिणाम, व्यक्ती म्हणजे काय, यंत्राला ‘कळते’ असे म्हणता येईल काय, हे त्यांतले कळीचे प्रश्न. ते सतराव्या आणि अठराव्या शतकांतील युरोपीय तत्त्वज्ञांनी ज्या रूपात मांडले, त्याच रूपात आज ते कंपन्यांच्या बैठकांत चर्चिले जात आहेत.

हाच वारसा पद्धतशीरपणे, मुळापासून आणि अल्प शुल्कात शिकण्याची सोय मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेत आहे. देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ, लॉक, बर्कली, ह्यूम आणि कांट या सात नावांभोवती फिरणारा ‘आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञान’ हा अभ्यासघटक पदवीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. लोअर परळपासून दोन-तीन स्थानकांच्या टप्प्यातील महाविद्यालयांत गिरणी कामगारांच्या, बेस्टच्या वाहकांच्या, महापालिकेच्या कारकुनांच्या मुलामुलींनी तो अभ्यासला आणि त्याची उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभाही त्यांना होती. प्रश्न आता या सोयीचे पुढे काय होणार, हा आहे.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ या वर्षापासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याधारित विषय आणि भारतीय ज्ञानप्रणालीसाठी दोन श्रेयांक अशी नवी रचना आली. कागदावर ती आकर्षक आहे. वाणिज्य शाखेच्या मुलीला तत्त्वज्ञानाचा एखादा घटक घेता येईल, अभियांत्रिकीच्या मुलाला तर्कशास्त्र शिकता येईल, हे तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. मात्र जुन्या पद्धतीत कला शाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षी तीन ऐच्छिक विषय घेत असे आणि ‘तिसरा विषय’ म्हणून अनेकदा तत्त्वज्ञानाकडे वळत असे. त्यांतले काहीजण मग तिथेच रमत. या मागच्या दाराने आलेल्या विद्यार्थ्यांवरच तत्त्वज्ञानाचे अनेक विभाग तगून होते. आता प्रथमपासूनच मुख्य विषयाचा विचार करावा लागत असल्यामुळे ज्याच्या नावापुढे नोकरीचे चित्र उभे राहत नाही, असा विषय मुख्य म्हणून निवडण्याचे धाडस फार थोड्या घरांत होणार. खुल्या ऐच्छिक विषयाच्या टोपलीत तत्त्वज्ञान राहील. पण ते ‘विचारकौशल्ये’ किंवा ‘तणावमुक्त जीवन’ अशा नावाने राहील. देकार्तपासून कांटपर्यंतचा दीडशे वर्षांचा युक्तिवाद दोन श्रेयांकांत बसत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाही. हा इतिहास मुळात परका आहे, वसाहतीच्या काळात आपल्यावर लादलेला आहे, तो आक्रसला तर बिघडले कुठे, असे म्हणणारे आज अनेक आहेत. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्या वेळी जॉन स्टुअर्ट मिल लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्याच कचेरीत नोकरीला होता; १८२३ पासून १८५८ पर्यंत, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षे त्याने ती नोकरी केली. स्वातंत्र्यावरील आपल्या १८५९ च्या निबंधात त्याने ‘मागासलेल्या’ समाजांना स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळले. राज्यकर्त्यांच्या कारकुनाने लिहिलेले तत्त्वज्ञान जितांच्या मुलांनी घोकावे, हा प्रकार विचित्रच होता. पण याच मिलचा आणि स्पेन्सरचा आधार घेऊन गोपाळ गणेश आगरकर घडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. आगरकरांच्या हातात पडल्यावर मिलचे तत्त्व राज्यकर्त्यांवरही उलटले आणि घरातल्या रूढींवरही. एखादा विचार कुठून आला, याइतकेच तो इथे कोणी कशासाठी वापरला, हेही त्याच्या इतिहासाचा भाग असते.

याचा सर्वांत मोठा पुरावा लोअर परळमध्येच आहे. सुभेदार रामजी आंबेडकर कुटुंबासह मुंबईत आले ते लोअर परळमधील डबक चाळीत. एका खोलीच्या त्या बिऱ्हाडात भीमराव आंबेडकरांचे माध्यमिक शिक्षण झाले. पुढे हे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत गेले आणि बाबासाहेबांचे वास्तव्य तिथे १९३४ पर्यंत राहिले. १९१३ साली याच वस्तीतून ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली त्यांनी एम. ए. केले तेव्हा अर्थशास्त्र हा त्यांचा प्रमुख विषय होता. पण समाजशास्त्र, इतिहास आणि मानववंशशास्त्र यांच्याबरोबर तत्त्वज्ञानाचाही अभ्यास त्यांनी केला. तिथे जॉन ड्यूई यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्ष न झालेल्या भाषणात त्यांनी ड्यूई यांचा आपले गुरू म्हणून ऋणनिर्देश केला.

हा ऋणनिर्देश केवळ शिष्टाचाराचा नव्हता. त्या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत केलेला भेद सर्वपरिचित आहे. नियम सवयीने पाळायचा असतो, तत्त्व विचाराने लावायचे असते; म्हणून नियमांचा संच म्हणजे धर्म नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. हा भेद ड्यूई आणि टफ्ट्स यांच्या १९०८ च्या नीतिशास्त्रावरील पाठ्यपुस्तकात आढळतो. तिथे तो कांटचे कर्तव्यवादी नीतिशास्त्र आणि मिलचा उपयुक्ततावाद यांच्यातील वाद ओलांडण्याच्या प्रयत्नातून आला. स्वतः ड्यूई या इतिहासाचेच विद्यार्थी. त्यांचा १८८४ चा पीएच.डी.चा प्रबंध कांटच्या मानसशास्त्रावर होता आणि १८८८ साली त्यांनी लायब्निझवर पुस्तक लिहिले. म्हणजे डबक चाळीतल्या मुलाने पुढे जातिव्यवस्थेवर जे हत्यार चालवले, त्याचे पोलाद कोनिग्सबर्ग आणि हॅनोव्हर इथल्या भट्ट्यांतून आले होते. ‘हिंदू धर्माचे तत्त्वज्ञान’ या त्यांच्या निधनोत्तर प्रसिद्ध झालेल्या लिखाणात धर्माची परीक्षा न्याय आणि उपयुक्तता या दोन कसोट्यांवर करण्यात आली आहे. या कसोट्या कुठून आल्या आणि त्यांच्यावर कोणते आक्षेप घेतले गेले होते, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या लिखाणातले निष्कर्ष पाठ करता येतील. पण त्यातली वाद घालण्याची रीत उचलता येणार नाही. आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या आजच्या राजकारणात निष्कर्षांचीच चलती आहे, हे ओघाने आलेच.

गिरणगावाचा या तत्त्वज्ञानाशी दुसरा संबंध आला तो विद्यापीठाला बगल देऊन. श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ साली ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका लिहिली. १९२८ च्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि नंतरच्या दशकांत लाल बावट्याच्या अभ्यासवर्गांतून हेगेल, फॉयरबाख ही नावे चाळींपर्यंत पोहोचली. त्या आधीच, १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली होती. अभ्यासवर्गांतले तत्त्वज्ञान पोथीबंद होते, त्यात प्रश्नांपेक्षा उत्तरे अधिक होती, ही टीका रास्त आहे. पण साच्यावर आठ-दहा तास उभा राहिलेला माणूस रात्री द्वंद्ववादावरचे व्याख्यान ऐकायला बसतो, ही गोष्ट जगातल्या फार थोड्या औद्योगिक वस्त्यांत घडली असेल. तसे पाहिले तर विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या या इतिहासातील बहुतेक मंडळी विद्यापीठाबाहेरचीच. स्पिनोझा भिंगे घासून आपला चरितार्थ काही अंशी चालवीत होता आणि १६७३ साली हायडेलबर्गचे प्राध्यापकपद त्याने नाकारले. ह्यूमला तर आधी एडिंबरोने आणि मग ग्लासगोने अध्यासन नाकारले. सातांपैकी विद्यापीठात आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवणारा कांट हा एकटाच.

विद्यापीठीय शिक्षण आणि ही वस्ती यांना जोडणारा दुवा म्हणून ज्यांचे नाव घ्यावे लागेल ते मे. पुं. रेगे (१९२४–२०००). लोअर परळपासून जवळच, दादरच्या समुद्राकाठी १९५४ साली स्थापन झालेल्या कीर्ती महाविद्यालयात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि पुढे प्राचार्यही झाले. आज हे महाविद्यालय बाहेरच्या गाडीवरील वडापावासाठी अधिक ओळखले जाते, याचा राग कोणी मानू नये. मुंबईत कीर्ती अशीच पसरते. रेगे यांनी पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, ‘नवभारत’चे संपादन केले, मराठी विश्वकोशासाठी तत्त्वज्ञानाच्या अनेक नोंदी लिहिल्या आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यानंतर विश्वकोशाची धुरा वाहिली. त्यांच्या गद्याचा विशेष असा की, ते वाचताना मूळ इंग्रजी वाक्य खाली दडलेले दिसत नाही. विचार मराठीत केलेला आहे, हे जाणवते.

रेगे यांच्या कामातला आज विशेष प्रस्तुत ठरणारा भाग मात्र वेगळाच आहे. १९८३ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने एक परिसंवाद भरला. न्यायशास्त्राचे परंपरागत पंडित आणि आधुनिक विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक तिथे एकत्र बसले. चर्चेला घेतले होते ते बर्ट्रांड रसेल यांचे विधानाच्या स्वरूपाविषयीचे मत. ते संस्कृतात, नव्यन्यायाच्या परिभाषेत मांडले गेले आणि पंडितांनी त्यावर संस्कृतातच आपले म्हणणे मांडले. त्यातून सिद्ध झालेला ‘संवाद’ हा ग्रंथ १९९१ साली भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेतर्फे प्रसिद्ध झाला. भारतीय ज्ञानपरंपरेचा गौरव करावा कसा, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. त्या पंडितांना कोणी वंदनीय म्हणून मखरात बसवले नाही. रसेलचे कुठे चुकते ते दाखवा, असे त्यांना सांगितले गेले. नव्या धोरणातील भारतीय ज्ञानप्रणालीच्या दोन श्रेयांकांत असे काही घडायचे, तर समोर रसेल किंवा देकार्त असावा लागतो. प्रतिपक्षाशिवाय पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची परंपरा शिकवता येत नाही. एकाला हद्दपार करून दुसऱ्याची वाढ होईल, असे मानणाऱ्यांनी न्यायशास्त्राची एखादी टीका उघडून पाहावी. तिथे दर दुसऱ्या वाक्याला कोणा बौद्धाचे किंवा मीमांसकाचे म्हणणे आधी नीट मांडलेले असते.

आणि इथेच मराठीतून शिकवण्याचा मुद्दा निव्वळ सोयीचा न राहता वैचारिक ठरतो. देकार्तच्या ‘सबस्टन्स’ला मराठीत ‘द्रव्य’ म्हणतात. व्यवहारात द्रव्य म्हणजे पैसा. पण पारिभाषिक अर्थाने हा शब्द वैशेषिकांचा आहे. त्यांची द्रव्ये नऊ: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा आणि मन. देकार्तची निर्मित द्रव्ये मात्र दोनच, विचार करणारे आणि जागा व्यापणारे. मराठी माध्यमातल्या मुलीने ही दोन्ही प्रकरणे एकाच वर्षी वाचली, तर तिला एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. वैशेषिकांनी आत्मा आणि मन वेगळे मानले आहेत. त्यांचे मन हे अणुपरिमाण, स्वतः जाणीव नसलेले, आत्मा आणि इंद्रिये यांच्यातला दलाल म्हणावे असे साधन आहे. मग देकार्तच्या ‘माइंड’ला पाठ्यपुस्तक सर्रास ‘मन’ म्हणते ते कसे? जाणीव ज्याचा स्वभाव आहे त्याला मन म्हणायचे की आत्मा? आणि आत्मा म्हटले, तर देह आणि आत्मा यांच्यामध्ये मन नावाची तिसरी वस्तू ठेवण्याची वैशेषिकांना गरज का भासली?

हा प्रश्न अनुवादाचा वाटतो. वस्तुतः तो देकार्तच्या सिद्धांताच्या मर्मावरच बोट ठेवतो. १६४३ च्या मे महिन्यात बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने देकार्तला पत्र लिहून नेमके हेच विचारले होते. आत्मा जर जागाच व्यापत नसेल, तर तो शरीराला हालवतो कसा? ढकलण्यासाठी स्पर्श लागतो आणि स्पर्शासाठी विस्तार. देकार्तने उत्तरे दिली, त्यांनी तिचे समाधान झाले नाही आणि तिने तसे कळवलेही. पुढल्या वर्षी देकार्तने आपला ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ हा ग्रंथ तिलाच अर्पण केला. इंग्रजीत ‘माइंड’ आणि ‘बॉडी’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पुढे सरकणाऱ्या वर्गात हा पेच झाकलेला राहू शकतो. मराठीत शब्द निवडतानाच तो उघडा पडतो. लॉकच्या ‘आयडिया’ला कल्पना म्हणावे तर भास आणि स्वप्नरंजन यांचा वास येतो, प्रत्यय म्हणावे तर व्याकरण आठवते, प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते आणि थांबणे हीच तर तत्त्वज्ञानाची पहिली पायरी.

दुर्दैवाने हा विषय शिकवला जातो तो असा थांबत नाही. अभ्यासक्रमातील तीन बुद्धिवादी विरुद्ध तीन अनुभववादी आणि शेवटी दोघांचा निवाडा करणारा कांट, ही मांडणी इतकी सुबक आहे की, ती परीक्षेसाठीच रचली असावी अशी शंका यावी. ती शंका अगदीच निराधार नाही. या तत्त्वज्ञांनी स्वतःला असे दोन संघांत वाटून घेतले नव्हते. ही विभागणी रूढ झाली ती कांटनंतर, एकोणिसाव्या शतकातील कूनो फिशर यांच्यासारख्या जर्मन इतिहासकारांच्या हातून. ज्यांना सारा प्रवाह कांटकडेच वाहत आला असे दाखवायचे होते. त्या साच्यात न बसणारे गळाले. एलिझाबेथ गळाली, मार्गारेट कॅव्हेंडिश गळाली. पाश्चिमात्य विद्यापीठांत गेल्या काही दशकांत त्यांना अभ्यासक्रमात परत आणले जात आहे. मुंबईत मार्गदर्शक पुस्तकांतून जे पोहोचते ते अजूनही कूनो फिशर यांचेच मढे आहे, आणि ‘टिपा लिहा’च्या प्रश्नाला ते पुरते.

यातली सर्वांत मोठी हानी लॉकच्या बाबतीत होते. तत्त्वज्ञानाच्या तासाला त्याचे प्राथमिक आणि दुय्यम गुण शिकवले जातात. संपत्तीविषयीचा त्याचा सिद्धांत राज्यशास्त्राच्या खोलीत पाठवला जातो. १६८९ च्या ‘शासनावरील दुसरा निबंध’ या ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात लॉक म्हणतो की, मनुष्याचे श्रम त्याच्या स्वतःच्या मालकीचे असतात; ते तो ज्या वस्तूत मिसळतो, ती वस्तू त्याची होते. लोअर परळमध्ये बसून हे प्रकरण वाचताना गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न आठवणार नाही, असा विद्यार्थी विरळा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनींची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरवली: एक भाग खुल्या जागांसाठी पालिकेला, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ साली ती अडवली, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. पालिका आणि म्हाडाच्या वाट्याला त्यामुळे जे आले ते फारच तोकडे होते. तीन पिढ्यांचे श्रम ज्या जमिनीत मिसळले तिच्यावर कामगाराचा हक्क काय, की मजुरी घेतली तिथेच हिशेब संपला?

लॉककडे या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ते कामगाराला रुचणारे नाही. त्याच प्रकरणात तो सहजपणे लिहून जातो की, आपल्या नोकराने कापलेले गवतही आपलेच. मजुरीवर राबणाऱ्याचे श्रम कोणात मिसळतात, याचा निकाल त्याने एका वाक्यात लावून टाकला. रॉयल आफ्रिकन कंपनी या गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत त्याचे भाग होते, हेही या संदर्भात विसरता येत नाही. मग श्रमाच्या मालकीचे मूळ तत्त्व खरे मानून नोकराचा अपवाद खोडावा, की तत्त्वच मुळात सदोष आहे असे म्हणावे? एकोणिसाव्या शतकातील समाजवादी विचारवंतांनी यांतली पहिली वाट धरली. गिरणी कामगारांच्या वारसांसाठी घरांचे अर्ज मागवले गेले तेव्हा दीड लाखाच्या घरात अर्ज आले आणि मिळालेली घरे त्याच्या मानाने अगदी थोडी. मुंबईबाहेर दूरवर घरे देण्याच्या प्रस्तावांना होणारा विरोधही ‘घर कुठेही चालेल’ की ‘याच जमिनीवर हवे’ या भेदापाशी येऊन थांबतो. गरजेपोटी घर मागणे आणि हक्काने मागणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत. तो फरक मांडण्याची भाषा या वस्तीतल्या मुलांना त्यांच्या महाविद्यालयात, त्यांच्या भाषेत मिळावी, ही अपेक्षा चैनीची म्हणता येणार नाही.

ग्रंथांच्या बाबतीत मराठी कंगाल नाही. ग. ना. जोशी यांचा ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ तीन खंडांत विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने काढला. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड १९७४ साली निघाले. दि. य. देशपांडे यांनी अर्वाचीन ज्ञानमीमांसेवर लिहिले आणि १९९० मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ सुरू केला. ही सारी सामग्री मुख्यत्वे १९७० ते १९९० या काळातली. त्यानंतर इंग्रजीत या तत्त्वज्ञांविषयीचे आकलन पार बदलले आणि मराठीत त्याचे पडसाद फारसे उमटले नाहीत. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘अस्मिता’ हा प्रकल्प जाहीर केला; पाच वर्षांत भारतीय भाषांत २२ हजार पुस्तके तयार करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. उद्दिष्टांचा आकडा मोठा आहे. पण कांटचे एक पान मराठीत आणायला जो माणूस लागतो, तो वर्गात दहा-पंधरा वर्षे कांट शिकवूनच तयार होतो. यंत्रानुवाद त्याला साहाय्य करील, त्याची जागा घेणार नाही.

हा माणूस येणार कुठून, हा खरा नाजूक भाग. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे रखडली. २०२१ साली राज्याने २०८८ सहायक प्राध्यापकपदांच्या भरतीला मान्यता दिली. ती साऱ्या राज्याची, साऱ्या विषयांची मिळून. एका प्राध्यापकाच्या तत्त्वज्ञान विभागात तो प्राध्यापक निवृत्त झाला की, तासिका तत्त्वावर कोणीतरी नेमला जातो. तासाप्रमाणे मानधन घेणारा हा तरुण एकाच दिवशी दोन उपनगरांतल्या दोन महाविद्यालयांत शिकवतो आणि सुट्टीच्या महिन्यांत त्याला काहीच मिळत नाही. गिरण्यांत ज्याला बदली कामगार म्हणत, त्याचीच ही सुशिक्षित आवृत्ती. सकाळी दारावर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम मिळायचे. रेगे यांच्यासारखा अध्यापक घडायला नोकरीची जी निश्चिंती लागते, ती या व्यवस्थेत कोणाच्याही वाट्याला येत नाही.

कापूस आणि तत्त्वज्ञान यांचे महाराष्ट्रात एकेकाळी बरे जमले होते. खानदेशात अमळनेरला गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. गिरणीच्या नफ्यावर चाललेल्या त्या संस्थेत कांटचे मर्मज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी १९३० च्या दशकात संचालकपद भूषवले. तिथून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघे आणि साने गुरुजीही काही काळ तिथे अभ्यासाला होते. मुंबईच्या गिरणीमालकांनी रुग्णालये, वसतिगृहे आणि महाविद्यालये दिली. तत्त्वज्ञानाचे मंदिर देण्याचे मात्र कोणाला सुचले नाही. आणि गिरण्यांच्या जमिनींवर जे टॉवर उभे राहिले, त्यांच्या मालकांकडून तशी अपेक्षा करणे हा त्यांच्यावरही अन्यायच.

लोअर परळहून चर्चगेटची गाडी पकडली की, वीसेक मिनिटांत फोर्ट गाठता येतो. तिथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय आहे. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरवण्यात आले. बाबासाहेबांच्या संग्रहातील पुस्तके या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांत ड्यूई यांचा ‘लोकशाही आणि शिक्षण’ हा १९१६ चा ग्रंथही आहे. १९१७ च्या जानेवारीत लंडनमध्ये विकत घेतलेल्या त्या प्रतीच्या पानापानांवर वाचकाच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. अलीकडे त्या प्रतीचा बारकाईने अभ्यास करून त्यावर लिहिले ते टेक्सासमधील स्कॉट स्ट्राउड या प्राध्यापकाने, २०२३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात.